कालपर्यंत चालत होतं: एसयू मारून वापरकर्ता बदलला की काट्याची पावती का अडते

दिवाळी सरली की माझा फोन सकाळी सातलाच वाजायला लागतो. हिंगणघाटपासून वीसेक किलोमीटर आत एक जिनिंग आहे, तिथल्या काटाघरातला संगणक माझ्याकडे असतो. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, आत काट्यावर बसणारा पोरगा, आणि फोनवर दर वेळी तेच वाक्य: “भाऊ, कालपर्यंत बराबर चालत होतं, आज पावतीच नाही निघून राह्यली.”

“रात्री लाइन गेली होती का?”

“हाव. इन्व्हर्टरबी बसला.”

“मग सकाळी चालू कसं केलं?”

“तुमीच सांगतलं तसं. मुनीमजीच्या खात्यातून एसयू मारला अन् चालू केलं.”

मेख इथंच आहे. एसयू म्हणजे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात शिरायची कमांड. प्रोग्राम तोच, संगणक तोच, पासवर्ड बरोबर, पडद्यावर नावही “काटा”च दिसतं. तरी कधी कमांड सापडत नाही, कधी फाइल उघडत नाही, कधी सगळं चालतं आणि बॅकअप भलत्याच फोल्डरात जाऊन पडतो. दर वेळी लक्षण वेगळं, म्हणून दर वेळी नवीन बिघाड वाटतो. मलाही पहिला हंगामभर तसंच वाटलं. पोर्टची वायर बदलली, प्रिंटर बदलला, एकदा तर अख्खं डेबियन, म्हणजे संगणकावरचं लिनक्स, नव्यानं टाकलं. ती मेहनत पाण्यात गेली.

आधी मांडणी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. संगणकावर डेबियन आहे आणि खाती तीन. “मुनीम” या खात्यानं डेस्कटॉप उघडतो. “काटा” या खात्याच्या नावानं वजनाचा प्रोग्राम चालतो. तिसरं रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेलं खातं. प्रोग्राम म्हणजे मी लिहिलेली साधी शेल स्क्रिप्ट: सीरियल पोर्टवरून वजन वाचते, पावती क्रमांक एकनं वाढवते, डॉट मॅट्रिक्सवर पावती छापते. कमांडी मी खाली देवनागरीत लिहिल्यात, कारण फोनवर मी त्या अशाच सांगतो. टाइप अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायच्या.

एसयू बदलतं काय आणि ठेवतं काय

शेल म्हणजे तुम्ही टाइप केलेल्या कमांडी चालवणारा प्रोग्राम. “एसयू काटा” म्हटलं की तुमच्या शेलच्या पोटातून एक नवीन शेल जन्मतो. त्याची ओळख बदललेली असते: यूआयडी (खात्याचा नंबर), जीआयडी (गटाचा नंबर), बाकीचे गट, सगळं काटाचं. पण एन्व्हायर्नमेंट ही ओळखीहून वेगळी गोष्ट. ती नाव आणि किंमत अशा जोड्यांची यादी असते, आणि पोटच्या प्रक्रियेला ती आईकडून जशीच्या तशी मिळते. डॅश, म्हणजे आडवी रेघ, न लावता एसयू केलं तर होम आणि शेल ही दोन नावं बदलतात. ज्याच्यात शिरायचं तो रूट नसेल तर यूजर आणि लॉगनेमही बदलतात. बाकी पाथ (कमांडी कुठल्या फोल्डरांत शोधायच्या ती यादी), लँग (भाषा), डिस्प्ले, एक्सडीजी_रनटाइम_डीआयआर, यूमास्क, एवढंच काय तुम्ही उभे होता ते फोल्डर, सगळं मुनीमचंच राहतं.

“एसयू - काटा” म्हटलं, म्हणजे मधे स्पेस देऊन डॅश लावला, की टर्मसारखी एखाददोन नावं सोडून जुनं सगळं फेकलं जातं. होम, शेल, यूजर, लॉगनेम, पाथ नव्यानं भरतात, काटाच्या होम फोल्डरात नेऊन उभं करतात आणि लॉगिन शेल, म्हणजे नव्यानं लॉगिन केल्यासारखा शेल, सुरू होतो.

आपल्याकडे पाडव्याला सालदार बदलतो, तसं आहे हे. नवा माणूस आला, वहीत त्याचं नाव चढलं, पण कमरेला जुन्या सालदाराचाच किल्ल्यांचा जुडगा. गोठ्याची किल्ली लागते, कोठाराची लागत नाही, आणि एखादी भलत्याच्याच घराची निघते. डॅश लावणं म्हणजे जुडगा काढून घेऊन रिकाम्या हातानं उभं करणं. त्यातही घोळ होतो, तो पुढे येईलच.

ही गाठ मुळात का पडली याचं उत्तर मला इतिहासात सापडलं. एसयू ही कमांड युनिक्सच्या 1971 च्या पहिल्या मॅन्युअलातच आहे. आज आपण वापरतो तसे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आले 1979 च्या सातव्या आवृत्तीत. म्हणजे कमांड जन्मली तेव्हा “मागचं सामान न्यायचं की टाकायचं” हा प्रश्नच नव्हता. सामान नंतर आलं, आणि कुणी ते न्यायचं ठरवलं, कुणी टाकायचं.

आधी नीट विचारा

फोनवर मी पहिल्यांदा पोराला सांगायचो, “काटाचा पाथ काय आहे ते बघ.” तो सुडो, म्हणजे एकच कमांड दुसऱ्या खात्याच्या नावानं चालवायची सोय, वापरून टाइप करायचा:

सुडो -यू काटा इको $पाथ

उत्तर मस्त यायचं, पाथ ठीक दिसायचा, आणि आम्ही दोघं दुसरीकडे शोधत बसायचो. चूक अशी की $पाथ ची किंमत सुडो सुरू व्हायच्या आधीच मुनीमच्या शेलनं भरून टाकलेली असते. काटाला तयार मजकूर मिळतो आणि तो तो फक्त छापतो. आरशात बघून शेजाऱ्याच्या तब्येतीची चौकशी केल्यासारखं. दुहेरी अवतरणातही हेच होतं. एकेरी अवतरण लावा, म्हणजे $ पलीकडे जाऊन उघडेल:

एसयू - काटा -सी 'इको $पाथ'

त्याहून सोपं म्हणजे $ चा नादच सोडायचा आणि सगळी यादी मागायची. डॅशशिवाय आत शिरून “एन्व्ह | सॉर्ट > /टीएमपी/बिनडॅश” करा, बाहेर या, डॅशसकट शिरून “एन्व्ह | सॉर्ट > /टीएमपी/डॅश” करा, आणि दोन्ही फाइलींवर “डिफ” चालवा, म्हणजे दोघांतला फरक दिसेल. माझ्याकडच्या दहातल्या आठ फोनांचं उत्तर त्या वीस-पंचवीस ओळींत असतं. प्रोग्राम आधीच चालू असेल आणि तो कुठल्या सामानानिशी सुरू झाला हे बघायचं असेल, तर रूट होऊन:

टीआर '\0' '\एन' < /प्रॉक/पीआयडी/एन्व्हायरॉन

पीआयडीच्या जागी प्रक्रियेचा नंबर. सुरू होतानाचं चित्र यात गोठलेलं असतं, म्हणून सकाळी कुणी कसं चालू केलं हे खोटं न बोलता कळतं. आणि आपण लॉगिन शेलमध्ये आहोत का हे “इको $0” सांगतो. बॅश हे इथल्या शेलचं नाव. उत्तर “-बॅश” आलं, आधी आडवी रेघ, तर लॉगिन शेल. नुसतं “बॅश” आलं तर नाही.

कमांड नॉट फाउंड

सगळ्यात जास्त येणारा आणि सगळ्यात लवकर सुटणारा. स्क्रिप्ट /ऑप्ट/काटा/बिन मध्ये आहे, आणि तो रस्ता मी काटाच्या .प्रोफाइल मध्ये जोडला होता. डॅशशिवाय आलेला बॅश .प्रोफाइल वाचतच नाही, तो .बॅशआरसी वाचतो. म्हणून कमांड सापडत नाही. डॅश लावला की सापडते.

रूटचंही तसंच. डेबियन 10, म्हणजे 2019 चं बस्टर, यात एसयू दुसऱ्या पॅकेजातून, यूटिल-लिनक्समधून यायला लागलं. त्याआधीचं एसयू डॅश न लावताही रूटचा पाथ भरून द्यायचं, हे देत नाही. साध्या खात्याच्या पाथमध्ये /एसबिन आणि /यूएसआर/एसबिन नसतात, म्हणून नुसतं “एसयू” करून रूट झालात की अॅडयूजर, यूजरमॉड सगळं “कमांड नॉट फाउंड”. हे पहिल्यांदा झालं त्या दिवशी मी काटाघरात बसून अॅडयूजरचं पॅकेज काढून पुन्हा टाकलं होतं. उत्तर होतं एक डॅश. सवय बदलवत नसेल तर /ईटीसी/लॉगिन.डेफ्स मध्ये “ऑल्वेज_सेट_पाथ येस” लिहिता येतं, पण मी म्हणेन सवयच बदला.

डॅश लावूनही .प्रोफाइल वाचलं गेलं नाही असं एकदा झालं, आणि दोष माझाच. लॉगिन बॅश आधी .बॅश_प्रोफाइल शोधतो, नाही तर .बॅश_लॉगिन, नाही तर .प्रोफाइल. पहिली सापडेल तेवढीच वाचतो, पुढच्यांकडे ढुंकून बघत नाही. मी एका रात्री एका एलिआससाठी .बॅश_प्रोफाइल बनवली आणि विसरलो. दुसऱ्या दिवसापासून .प्रोफाइल मुकी. त्या फाइलीत .प्रोफाइलला हाक मारणारी एक ओळ टाकली की भागतं, पण तसं व्हायला आधी ती फाइल आठवावी लागते.

आठवड्याला चौदा वार

हे प्रकरण मला सगळ्यात महागात पडलं, म्हणून सावकाश सांगतो.

रोज संध्याकाळी दिवसभराच्या पावत्यांची नक्कल वाराच्या नावाच्या फोल्डरात जायची. स्क्रिप्टमध्ये “डेट +%ए” होतं, मोठं ए, म्हणजे वाराचं पूर्ण नाव. सात वार, सात फोल्डरं, पुढच्या आठवड्यात जुन्यावर नवीन. मुनीमजींनी डेस्कटॉपची भाषा मराठी निवडलेली, म्हणून मी बघितलं तेव्हा फोल्डरचं नाव “सोमवार” होतं. मला तर कौतुकच वाटलं.

दोन महिन्यांनी डिस्क गेली. नक्कल बाहेरच्या पेन ड्राइव्हवर होती म्हणून मी निर्धास्त. “सोमवार” उघडलं तर आत तीन आठवड्यांपूर्वीच्या पावत्या. “मंगळवार” उघडलं, ते त्याहून जुनं. मुनीमजी काही बोलले नाहीत, फक्त चष्मा काढून पुसत बसले. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

मग खाली सरकवून बघितलं तर आणखी सात फोल्डरं होती, इंग्रजी अक्षरांत: मंडे, ट्यूसडे, वेन्सडे. ताज्या पावत्या त्यांत. म्हणजे एका आठवड्याला चौदा वार.

कारण असं. ज्या दिवशी पोरगा “एसयू काटा” करायचा, त्या दिवशी मुनीमच्या डेस्कटॉपचं मराठी लँग आत यायचं आणि डेट “सोमवार” म्हणायचं. मी फोनवर “डॅश लाव” म्हणून शिकवलं, त्या दिवसापासून लँग पुसलं जायला लागलं. डेबियनचा एसयू नवीन लँग /ईटीसी/डिफॉल्ट/लोकेल या फाइलीतून घेतो, आणि मी सिस्टिम टाकताना ती जागा रिकामी सोडली होती. लोकेल म्हणजे भाषेची मांडणी. लँगच नाही म्हणजे सी लोकेल, मूळची इंग्रजी मांडणी, आणि सी लोकेलला मराठी वार माहीत नाहीत. म्हणजे एक रोग बरा करताना दुसरा मीच लावला.

याचं एक लक्षण आधीपासून समोर होतं, मीच वाचलं नाही. पोरानं एकदा सांगितलं होतं, “भाऊ, फोल्डराच्या जागी नुसते आकडे येऊन राह्यले.” सी लोकेलमध्ये फोल्डरातली नावं दाखवणाऱ्या एलएस कमांडला “सोमवार” हा शब्द अक्षरं म्हणून वाचताच येत नाही, तो त्याला सुटे बाइट समजतो आणि $ आणि अवतरण लावून 340, 244, 270 असे अष्टमान आकडे दाखवतो. हे तीन म्हणजे “स”. पडद्यावर 340 आणि 244 पुन्हा पुन्हा दिसायला लागले की समजायचं, देवनागरी नाव आहे आणि लोकेल हरवलंय. फाइल खराब झालेली नसते. नाव बदलायला जाऊ नका.

उपाय दोन केले. डीपीकेजी-रीकॉन्फिगर लोकेल्स चालवून सिस्टिमचं डिफॉल्ट लोकेल भरलं, म्हणजे कुठूनही शिरा, तेच मिळेल. आणि स्क्रिप्टमधून वाराचं नावच काढलं. “डेट +%यू” लहान यूनं वाराचा आकडा देतो, सोमवार 1 पासून रविवार 7. आकड्याला भाषा नसते. माणसानं वाचायच्या पावतीवर मराठी वार खुशाल छापा, पण यंत्रानं ज्याच्यावर फोल्डर निवडायचं ते लोकेलवर सोडू नका.

क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणाऱ्या सोयीतून, काही चालवत असाल तर तिथंही हेच बघा. डेबियनमध्ये क्रॉनचा पाथ /यूएसआर/बिन आणि /बिन एवढाच असतो, आणि शेल म्हणजे एसएच, जो तिथं डॅश नावाचा वेगळा शेल आहे. एसयूच्या डॅशशी त्याचा संबंध नाही. नावं ठेवणाऱ्यांनी आमच्यावर एवढाच उपकार केला.

पावती 418 वर अडकते

एका सकाळी पावती क्रमांक 418 वर थांबला. लॉगमध्ये एररची ओळ नाही, प्रोग्राम बंदही पडलेला नाही. नुसता बसून. बाहेर ट्रॅक्टरवाले भोंगे वाजवत होते.

आदल्या दिवशी घाईत कुणीतरी प्रोग्राम सुडो लावून चालवला होता. “सुडो लावला की सगळं चालते” हे गावात पसरलेलं औषध आहे, तापावर जसं सलाइन. चाललंही. पण माझी स्क्रिप्ट नवीन क्रमांक आधी तात्पुरत्या फाइलीत लिहिते आणि मग एमव्ही या फाइल हलवणाऱ्या कमांडनं जुन्या फाइलीच्या जागी आणते, मधेच लाइन गेली तर अर्धवट आकडा राहू नये म्हणून. रूटनं चालवल्यावर ती फाइल रूटच्या मालकीची झाली.

दुसऱ्या दिवशी काटा आला. फोल्डर त्याचं स्वतःचं, म्हणून रूटची फाइल बदलण्याचा हक्क त्याला आहेच. पण समोरची फाइल आपल्याला लिहिता येणारी नाही असं दिसलं आणि पुढ्यात टर्मिनल असलं, तर एमव्ही आधी विचारतो: हिच्यावर लिहू का? तो प्रश्न जातो एररच्या वाटेनं, आणि ती वाट मी लॉग फाइलीकडे वळवली होती. आता तुम्ही म्हणाल, मग लॉगमध्ये दिसायला हवं. दिसत होतं. पण तो लॉग मी फोनवर “शेवटच्या एररची ओळ वाच” म्हणून वाचायला लावत होतो, आणि ती एरर नव्हती, प्रश्न होता, म्हणून पोरानं ती सोडून दिली. एमव्ही उत्तराची वाट बघतोय, पोरगा एमव्हीची, ट्रॅक्टरवाले पोराची.

परकी फाइल शोधायला:

फाइंड /होम/काटा ! -यूजर काटा

जे निघेल त्यावर रूटकडून “चोन काटा:काटा”, म्हणजे मालक बदलायचा. आणि स्क्रिप्टमध्ये “एमव्ही -एफ”. सुडोनं डेस्कटॉपचे प्रोग्राम उघडणाऱ्यांनाही असाच फटका बसतो: .एक्सऑथॉरिटी रूटच्या मालकीची होते आणि लॉगिनला पासवर्ड बरोबर टाकूनही पडदा फिरून परत लॉगिनवरच येतो. तिथंही औषध चोनच.

पोर्ट परमिशन डिनाइड

काट्याचं वजन यूएसबीच्या सीरियल कन्व्हर्टरमधून /डेव्ह/टीटीवायूएसबी0 वर येतं, आणि ते उपकरण डायलआउट गटाचं असतं. काटाला गटात घातलं, तरी “परमिशन डिनाइड”. कारण गट प्रक्रियेला सुरू होतानाच चिकटतात. उघड्या डेस्कटॉपला नवीन गट आपोआप मिळत नाही.

इथं एक बारकी गोष्ट लक्षात ठेवा. “आयडी काटा” म्हटलं की खातेवहीतले गट दिसतात, त्यात डायलआउट असतो आणि आपण फसतो. नुसतं “आयडी” म्हटलं की या घडीच्या शेलचे खरे गट दिसतात. दोघांत फरक असेल तर बाहेर पडून परत लॉगिन करा. नुसतं “एसयू - काटा” केलं तरी नवा गट लागू होतो.

मी कुठं उभा आहे

डॅशशिवाय शिरलात की तुम्ही मुनीमच्या फोल्डरातच उभे असता, आणि काटाला तिथं आत बघायची परवानगी नसू शकते. मग “गेटसीडब्ल्यूडी” असं काहीतरी ओरडणारी ओळ येते, किंवा पोस्टग्रेस या डेटाबेसची “कुड नॉट चेंज डायरेक्टरी”. उबुंटूनं 21.04 पासून नव्या होम फोल्डरची परवानगी 750 केली, तेव्हापासून हे जास्त दिसतं. आधी नुसतं “सीडी” करा, मग कामाला लागा. आणि स्क्रिप्टमध्ये ठिपका-स्लॅशनं सुरू होणारे रस्ते लिहू नका, ही माझी विनंती समजा.

स्क्रीन ही कमांड एसयूनंतर “कॅनॉट ओपन युवर टर्मिनल” म्हणते, कारण टर्मिनलची फाइल अजून मुनीमच्याच मालकीची असते. त्यावर “स्क्रिप्ट /डेव्ह/नल” चालवून नवीन टर्मिनल मिळवायची युक्ती आहे, चालते, पण मला ती सुतळीनं बांधलेल्या सायलेन्सरसारखी वाटते. सरळ एसएसएचनं काटा म्हणून या. “सिस्टिमसीटीएल --यूजर” ला बस, म्हणजे प्रोग्रामांची आपसात बोलायची वाट, सापडत नाही तेही याच घराण्यातलं: एक्सडीजी_रनटाइम_डीआयआर अजून /रन/यूजर/1000 कडे, म्हणजे मुनीमकडे बोट दाखवतं, किंवा डॅश लावल्यावर गायबच असतं. एसयू नवीन लॉगिन सत्र उघडत नाही, म्हणून डॅशनंही हे सुटत नाही.

सुडोवाल्यांसाठी थोडं

सुडोचं गणित उलटं. तो मुळातच एन्व्हायर्नमेंट झाडून टाकतो, सुडोअर्स या त्याच्या नियमांच्या फाइलीत एन्व्ह_कीप मध्ये लिहिलेलं तेवढं ठेवतो आणि पाथच्या जागी सिक्युअर_पाथ बसवतो. म्हणून तुमच्या पाथमधली कमांड सुडोला सापडत नाही. “सुडो -आय -यू काटा” म्हणजे जवळपास “एसयू - काटा”. “सुडो -एस” म्हणजे लॉगिन नसलेला शेल. मोठ्या ईचा “सुडो -ई” सगळं सामान न्यायला बघतो, पण मी तो लावत नाही. रूटच्या घरात दुसऱ्याचं सामान नेऊन ठेवण्यात शहाणपण नाही.

जुन्या उबुंटूची मदत वाचून काम करत असाल तर एक फरक: 19.04 पर्यंत तिथला सुडो होम तुमचंच ठेवायचा, 19.10 पासून ते ज्याच्यात शिरता त्याचं होतं. “माझ्या होममधली सेटिंग फाइल सुडो वाचायचा, आता का वाचत नाही” याचं उत्तर हे.

आणि “सुडो इको काहीतरी > /ईटीसी/फाइल” याला “परमिशन डिनाइड” येणारच. बाणाचं काम तुमचा शेल करतो, सुडो नाही. “| सुडो टी /ईटीसी/फाइल” करा.

शेवटी काय केलं

पोराला डॅश शिकवून भागलं नाही. हंगामात पोरगं बदलतं, नवीन येतं, आणि डॅश आवाजात ऐकूच येत नाही. फोनवर “एसयू डॅश काटा” म्हटलं तर एकानं खरंच डी, ए, एस, एच असं टाइप केलं होतं.

म्हणून माणसानं वापरकर्ता बदलायची वेळच येऊ नये असं केलं. /ईटीसी/सिस्टिमडी/सिस्टिम मध्ये काटा.सर्व्हिस लिहिली, म्हणजे संगणक स्वतःच प्रोग्राम सुरू करेल अशी फाइल. त्यात यूजर=काटा, वर्किंगडायरेक्टरी=/होम/काटा, सप्लिमेंटरीग्रुप्स=डायलआउट, रीस्टार्ट=ऑन-फेल्युअर. पाथ आणि लँग एन्व्हायर्नमेंट= च्या ओळींत स्पष्ट लिहिले, कारण सर्व्हिस .प्रोफाइल वाचत नाही, आणि हे विसरलात तर पहिल्या दिवशी पुन्हा “कमांड नॉट फाउंड”. पोर्टचं नावही टीटीवायूएसबी0 न ठेवता /डेव्ह/सीरियल/बाय-आयडी मधलं दिलं, कारण वायर काढून घातली की 0 चं 1 होतं. लाइन आली, संगणक उठला, की काटा आपणहून उभा राहतो.

कधी हातानं उठवायची वेळ आलीच, तर व्हिसुडोनं सुडोअर्सची फाइल उघडून मुनीमला फक्त एका कमांडची सूट दिली. ती कमांड म्हणजे “सुडो सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट काटा”. मुनीमजींनी ती काटाघराच्या भिंतीवर, हमालीच्या दरांच्या खाली, खडूनं इंग्रजी अक्षरांत लिहून ठेवलीय. शब्दांच्या मधे स्पेस कळावी म्हणून प्रत्येक शब्दाभोवती चौकट आखलीय.